स्टेशनपासून पाच मिनिटांवर

मीरा रोडला जागा बघायला येणाऱ्या माणसाला एजंट पहिलं वाक्य ऐकवतो ते असं: "स्टेशनपासून पाच मिनिटांवर." शांतीनगरातल्या जागेबद्दल तो हेच सांगतो आणि काशिमिऱ्याला डोंगराच्या कुशीत उगवलेल्या टॉवरबद्दलही हेच सांगतो. पाच मिनिटं पायी, रिक्षाने की गरुडाच्या पाठीवरून, हे विचारायचं नसतं. वीसेक वर्षांपूर्वी गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही इकडे जागा बघायला आलो, तेव्हा आमच्याही एजंटने हेच म्हटलं. मी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला, एरियल पूर्ण ओढली आणि विचारलं, "कुठल्या स्टेशनपासून? मला १०७.१ लागतं."

त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. तिला सवय होती.

पुढचा अर्धा तास मी त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ट्रान्झिस्टर छातीशी धरून एकेका कोपऱ्यात उभा राहिलो. डोळे मिटायचे, कान द्यायचा, मान हलवायची, दोन पावलं सरकायचं. हॉलमध्ये खरखर. बेडरूममध्ये आवाज फाटलेला. संडासात मात्र घंटेसारखा स्वच्छ. "आग्नेयेला काहीच नाही," मी स्वतःशी पुटपुटलो, "आणि नैर्ऋत्येला मोठा दोष आहे." एजंटचा चेहरा उतरला. बाल्कनीत जाऊन तो मालकाशी फोनवर दबक्या आवाजात बोलला आणि परत येऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही वास्तूतले जाणकार दिसता. पंचवीस हजार कमी करू." रेडिओच्या नादाने मला आयुष्यात झालेला आर्थिक फायदा तो एवढाच.

रेडिओ हा कानाचा छंद आहे असा लोकांचा गैरसमज असतो. तो जागेचा छंद आहे. कोणतं गाणं लागलंय असं आम्हाला विचारलं तर सांगता येत नाही. किती येतंय ते सांगता येतं. लताबाई असोत की अगरबत्तीची जाहिरात, आमच्या वहीत दोघींना सारखेच गुण.

यातली मेख लहरीच्या लांबीत आहे. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर साधारण तीन मीटरची. मनोऱ्याकडून सरळ आलेली लहर आणि समोरच्या इमारतीवर आपटून आलेली लहर आपल्या घरात भेटतात. काही ठिकाणी दोघी मिळून जोर लावतात, काही ठिकाणी जावाजावांसारख्या एकमेकींना गप्प करतात. जोराची जागा आणि मेलेली जागा यांत अंतर असतं लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढं, म्हणजे पाऊण मीटर. याचा घरगुती अर्थ असा, की रेडिओ फ्रिजवर गातो आणि शेजारच्या ओट्यावर मरतो. आमचा रेडिओ दहा वर्षं फ्रिजवर सुखाने नांदला. मग घरात उंच, दोन दारांचा नवा फ्रिज आला आणि ९८.३ गेलं. बायकोला बर्फ जास्त मिळायला लागला, एवढीच त्या व्यवहाराची जमेची बाजू.

माणसाचं शरीरही या भानगडीत पडतं. आपण रेडिओजवळ गेलो की आवाज सुधारतो आणि सुधारला म्हणून खुर्चीवर जाऊन बसलो की पुन्हा जातो. आकाशवाणीवर सामन्याची शेवटची तीन षटकं ऐकण्यासाठी मी एकदा मेहुण्याला डावा हात वर करून स्वयंपाकघराच्या चौकटीत उभं केलं होतं. तो पाहुणा म्हणून आला होता, सहायक म्हणून राहिला. जिंकत आलो तेव्हा त्याने टाळी वाजवली आणि विजयी धाव नेमकी खरखरीत गेली.

आमच्यासारखे आणखी पाच जण या शहरात आहेत, हे मला पुढे हळूहळू कळलं. आमच्या मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. त्यामुळे अजून फूटही पडलेली नाही. एकमेकांना आम्ही ठिकाणावरून ओळखतो. रेडिओत खरं आडनाव तेच. उत्तनकर, राईकर गुरुजी, नवघरकर, काशिमिरेकर आणि कनकियाचा मुलगा. हा मुलगा इंजिनीअर आहे आणि त्याच्याकडे बोटाएवढं यंत्र आहे. ते लॅपटॉपला जोडलं की सगळा एफएम पट्टा पडद्यावर सह्याद्रीच्या रांगांसारखा दिसतो. तो रेडिओ ऐकत नाही, बघतो. "काका, ९३.५ काय उंच आहे आज!" म्हणतो. त्यावर काय लागलंय असं विचारलं तर गडबडतो, कारण लॅपटॉपचा आवाज बंद असतो.

आमचं काम सोपं आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, प्रत्येकाने आपापल्या जागेवरून तीच स्टेशनं लावायची, टिपणं घ्यायची आणि रविवारी ताडून पाहायची. टिपण्याची पद्धत जगभरच्या हौशी मंडळींची आहे, तिला सिन्पो म्हणतात. पाच विषय: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ, खरखर, चढउतार आणि एकंदर. प्रत्येकाला एक ते पाच गुण. ५५५५५ म्हणजे बोर्डात पहिला. लांबचं केंद्र ऐकून असा अहवाल त्याला पाठवला, तर काही केंद्रं पोचपावती म्हणून सुंदर चित्राचं कार्ड पाठवतात. ही कार्डं जमवण्यात लोकांनी आयुष्यं घालवली आहेत आणि त्यांच्या सुनांनी रद्दीवाले गाठले आहेत.

या गुणांवरून आमच्यात पेटतं. राईकर गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांनी छत्तीस वर्षांत निबंधाला दहापैकी सातच्या वर कोणाला दिले नाहीत, ते आकाशवाणीला पाच कुठून देणार? मनोऱ्याखाली उभं केलं तरी गुरुजी चारच देतील आणि शेरा मारतील, "सुधारणेस वाव आहे." लोक राईचा पर्वत करतात, आमच्या राईचे गुरुजी पर्वताची राई करतात. उलट नवघरकर स्वभावाने दिलदार, खरखरीतही त्यांना सूर सापडतो. त्यामुळे राई आणि नवघर यांच्या रिसेप्शनमध्ये वहीत जो फरक दिसतो, त्यातला हवेचा किती आणि स्वभावाचा किती, हे कनकियाच्या मुलाच्या यंत्रालाही सांगता आलेलं नाही.

सगळ्यात दैवी जागा उत्तनकराची. घराच्या पश्चिमेला फक्त अरबी समुद्र. त्याच्या वडिलांच्या काळात होडीवर ट्रान्झिस्टर असायचा तो वादळाच्या इशाऱ्यासाठी. मुलाने तो करमणुकीला लावला. तो बोलतो कमी. आम्ही अर्धा तास भांडल्यावर वही पुढे सरकवतो, तिच्यात नऊ स्टेशनांपुढे ५५५५५ असतं. समुद्राकाठच्या माणसाला असा माज शोभतो.

सगळ्यात दुर्दैवी जागा काशिमिरेकरांची. राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर त्यांच्या डोक्यावर आणि मुंबईचे मनोरे डोंगरापलीकडे. बरीच वर्षं ते "आमच्याकडे खरखर अजिबात नाही" असं अभिमानाने सांगत. "अहो, सिग्नलही नाही," असं कोणी म्हटलं की "तो वेगळा विषय" म्हणत. मग त्यांच्या समोर बावीस मजली टॉवर उठला. त्यांच्या सोसायटीतल्या सगळ्यांचा उजेड गेला, वारा गेला, आणि काशिमिरेकरांचा रेडिओ आला. डोंगराला वळसा न घालणारी लहर टॉवरवर आपटून थेट त्यांच्या खिडकीत पडू लागली. सोसायटीने टॉवरविरुद्ध अर्ज फिरवला, त्यावर एकट्या काशिमिरेकरांची सही नाही. शेजारी समजतात बिल्डरने त्यांना पैसे चारले. खरं कारण सांगितलं तर शेजाऱ्यांचा उरलेला आदरही जाईल.

तसं पाहिलं तर आम्हा सगळ्यांचीच जागा काठावरची. जिल्हा ठाणे, पिनकोड ठाणे जिल्ह्याचा, फोनचा कोड मात्र मुंबईचा ०२२, आणि २८ फेब्रुवारी २००२ पासून महानगरपालिका आमची स्वतःची. सकाळी रेडिओवरचा मुलगा "उठा मुंबईकर" म्हणून ओरडतो तेव्हा आम्ही उठावं की झोपून राहावं, हे ठरत नाही. तो वाहतुकीची खबर देत देत माहीम, अंधेरी, बोरिवली करत दहिसर चेकनाक्यापर्यंत येतो आणि तिथे पृथ्वी संपते. नाक्याच्या पुढच्या कोंडीची आम्हाला खबर लागत नाही, कारण कोंडीत आम्ही स्वतःच असतो.

काठावर असण्याचा हा इतिहास जुना आहे. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, आवाका सुमारे तीस मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. आता रेल्वेचं अंतर धरा: चर्चगेटपासून भाईंदर ४३ किलोमीटर, विरार ६०. म्हणजे त्या काळी भाईंदरच्या मिठागरात कोणी रेडिओ लावला असता तर आला असता, विरारला नसता आला. विरार लोकलचे लोक भाईंदरवाल्याला आजही दारात उभं राहू देत नाहीत, ते याच रागातून, असा नवघरकरांचा सिद्धांत आहे. कंपनी तीन वर्षांत बुडाली, राग राहिला.

विरार लोकलचा विषय निघालाच आहे तर एफएमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम तिच्यावरूनच समजून घ्या. एकाच आकड्यावर दोन स्टेशनं आली तर मीडियम वेव्हवर दोन्ही एकदम ऐकू येतात, बातम्यांत भजन मिसळतं. एफएमवर तसं होत नाही. ज्याचा जोर थोडा जास्त तो पूर्ण आत घुसतो आणि दुसरा पूर्ण फलाटावर राहतो. शास्त्रात याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. सकाळी मीरा रोडला तो रोज बघायला मिळतो, तिकीट काढूनही.

९८.३ हा आकडा मुंबईलाही आहे आणि पुण्यालाही, ९१.१ चंही तसंच. बोरघाटातून गाडीने जाताना हा सामना ऐकण्यासारखा असतो. खंडाळ्याच्या एका वळणावर मुंबईचा निवेदक बोलत असतो, पुढच्या वळणावर त्याचं वाक्य पुण्याचा निवेदक पूर्ण करतो. मी एकदा हे ऐकायला घाटात गाडी चार वेळा बाजूला घ्यायला लावली. आम्ही लग्नाला निघालो होतो. अक्षता चुकल्या, जेवण मिळालं.

मधेच एक तक्रार करून घेतो, कोणाविरुद्ध ते मलाही माहीत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेली विविधभारती पुढे बोरिवलीला गोराई रोडवर आली. म्हणजे माझ्या घरापासून आठ-दहा किलोमीटर. मधे दहिसर आणि थोडी खाडी. टीव्हीच्या डिशवर मी ती लावतो तेव्हा तो आवाज गोराईहून ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे जातो आणि तेवढंच अंतर खाली उतरून माझ्या घरी येतो. शेजारणीने कढीलिंब मागितला आणि तो काशीहून मागवून दिला, असा हा प्रकार आहे.

हिवाळ्याची पहाट हा मात्र आमचा दसरा. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसला, की धूर वर जाऊ शकत नाही आणि एफएमची लहरही निसटू शकत नाही. दोघं त्या थराखाली कोंडले जातात. धुराने लोकांना खोकला होतो. लहर समुद्रावरून पन्हळीतून पाणी यावं तशी शेकडो किलोमीटर घरंगळत येते. ज्या सकाळी वर्तमानपत्रं हवेच्या नावाने ओरडतात, त्या सकाळी आमचे चेहरे फुललेले असतात. नातेवाईक आम्हाला माणुसकी नाही म्हणतात, ते यावरूनच.

अशाच एका जानेवारीत पहाटे पावणेसहापासून मी गच्चीवर होतो. गच्चीची चावी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आमच्या सेक्रेटरींना अजून वाटतं की मी योगासनं करतो. काटा सरकवता सरकवता एकदम स्वच्छ गुजराती लागली. आधी वेळ सांगितली, मग साड्यांच्या दुकानाची जाहिरात, मग घारी या मिठाईची. घारी म्हटल्यावर शंका उरली नाही: सुरत! सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, साध्या ट्रान्झिस्टरवर. मी आनंदाने इतका ओरडलो, की खालच्या मजल्यावरच्या बेन पदराने हात पुसत वर आल्या. त्यांचं माहेर सुरतचं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सिन्पो लिहीत होतो, बेन जाहिरातीतल्या चौकाचं नाव ओळखून रडत होत्या. इतक्यात आवाज डळमळला. "काका, जवा ना दो!" म्हणत बेननी एरियल मुठीत धरली आणि सुरत आणखी चार मिनिटं थांबली. मग सूर्य वर आला, थर विरला आणि त्या आकड्यावर पुन्हा मुंबई येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेन थर्मासमध्ये चहा घेऊन, बहिणीला सोबत घेऊन आल्या. सुरत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हवेच्या थरांचं मी परोपरीने समजावलं, पण मी मुद्दाम दुसरं स्टेशन लावतो, असं त्यांच्या घरात पक्कं झालं आहे. चहा बंद झाला.

मोठी मोहीम म्हणाल तर घोडबंदरची. किल्ला टेकडीवर, खाडी समोर, म्हणजे रिसेप्शन बहारीचं असणार असा आमचा कयास. मे महिन्यात, दुपारी, चार रेडिओ, एक तंगूसला बांधलेली तार आणि डब्यात थालीपीठं घेऊन सहाही जण वर चढलो. ९१.१ लावलं. नाही. तार पूर्वेला धरली, पश्चिमेला धरली, बुरुजावर गुरुजींना उभं केलं. नाही. दक्षिणेला डोंगर आडवा पडला होता, तो नकाशात कोणी पाहिला नव्हता. मराठ्यांनी १७३७ मध्ये घोडबंदर घेतलं. आम्हाला तिथे ९१.१ घेता आलं नाही. उतरताना एका पोराने विचारलं, "काका, तुम्ही गुप्तधन शोधता का?" गुरुजी म्हणाले, "हो." खोटं नव्हतं.

इतकं करून ज्या एका स्टेशनासाठी आम्ही झुरत होतो, ते होतं १०७.८. मुंबई विद्यापीठाचं, कालिन्याचं. अशा सामुदायिक केंद्रांना फार तर शंभर वॅटची प्रभावी शक्ती मिळते. ती आसपासच्या पाच-दहा किलोमीटरसाठी असते. आम्ही वीस किलोमीटरच्या पलीकडे, आणि १०७.८ च्या अगदी उशाला १०७.१ हे आकाशवाणीचं दणकट स्टेशन. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाशेजारी कोणी बासरी वाजवत असेल, तर ती ऐकायची होती आम्हाला. उत्तनकराच्या समुद्रालाही ती मिळाली नव्हती. त्यामुळे आम्हा बाकीच्यांना गुप्त समाधान होतं.

ती मिळाली अगदी अनपेक्षित. दादरहून संध्याकाळी परत येत होतो. मीरा रोडच्या पादचारी पुलावर गर्दीत अडकलो, म्हणून सवयीने रेडिओ काढला. (आमच्या पिढीचे इअरफोन तारेचे, ती तारच एरियल होते. हल्लीच्या पोरांच्या कानात तारच नाही, त्यांना आकाशातून काय मिळणार?) १०७.८ वर एका मुलीचा आवाज. अडखळत, शिकाऊ, स्पष्ट. मी जागीच थबकलो आणि मागच्या पाच जणांनी मला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं: रूळ इथून नाकासमोर दक्षिणेला जातात, दहिसर, बोरिवली, थेट. एवढी लांब, सरळ, इमारत नसलेली पट्टी मुंबईत सहज सापडत नाही. जी वाट लोकलने धरली, तीच लहरीने.

सगळ्यांना फोन केले. अर्ध्या तासात सहा जण पुलाच्या कठड्याला ओळीने, कानात तारा, हातात वह्या, तोंडं दक्षिणेला. आम्हाला पाहून माणसं थांबायला लागली. "काय झालं? गाडी रद्द?" "मेगाब्लॉक आहे का?" एकाने नवघरकरांना विरार फास्ट कुठल्या फलाटावर येते विचारलं, त्यांनी तंद्रीतच सांगितलं आणि बरोबर सांगितलं. शेवटी गणवेशातला एक माणूस आला आणि पुलावर उभं राहायचं नाही, चालत राहायचं, असं म्हणाला. म्हणून उरलेलं आम्ही चालत ऐकलं, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सहा जणांची दिंडी. पाऊण मीटर पुढे गेलं की मुलगी जायची, आणखी पाऊण मीटर गेलं की परत यायची.

वहीतली नोंद अशी आहे: १०७.८, पादचारी पूल, स्टेशनपासून अंतर शून्य मिनिटं. पाच जणांनी एकंदर चार गुण दिले. राईकर गुरुजींनी तीन दिले आणि पुढे कारण लिहिलं: "बोरिवली धिम्या गाडीच्या उद्घोषणेचा व्यत्यय."